साथीच्या काळांतील परदेशप्रवास आणि दिवसांचा हिशेब



गेल्या सत्रांत इयत्ता नववीच्या वर्गांत आफ्रिका खंडाचा नकाशा फळ्यावर टांगून आम्ही विषुववृत्ताजवळचे देश दाखवीत होतों. केनियाचें नांव निघतांच एका विद्यार्थिनीनें हात वर केला. उन्हाळ्याच्या सुटींत तिचें कुटुंब तेथील वन्य पशु पाहावयास जाणार होतें. परंतु तिचा प्रश्न पशूंविषयीं नव्हता. ती म्हणाली, "सर, तिकडे जाण्यापूर्वीं निदान दहा दिवस आधीं पीतज्वराची लस टोंचून घ्यावी लागते, आणि ज्याच्याजवळ तिचा दाखला नसेल त्याला परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळें ठेवतात, असें बाबा सांगतात. दहाच कां? आणि सहाच कां? सात कां नाहींत?"

वर्ग हंसला. प्रश्न मात्र हंसण्यासारखा मुळींच नव्हता. आम्हीं उत्तरास आरंभ केला तोंच घंटा झाली आणि तें अपुरें राहिलें. तें पुरें करावयाचें तर केवळ पीतज्वराविषयीं बोलून भागणार नाहीं. २०२० सालीं कोव्हिडच्या साथीनें जगांतील बहुतेक देशांचीं दारें बंद झालीं, व पुढील दोन वर्षांत तीं एकेक करून पुन्हां उघडलीं. साथ सरलेली नसतांच लोक हौसेनें परदेशीं जाऊं लागले. त्या वेळीं "किती दिवस?" हाच प्रश्न प्रत्येक देशापुढें उभा राहिला. तुम्ही तेव्हां लहान होतां. शाळा घरच्या घरीं भरत असे एवढेंच तुम्हांस आठवत असेल. म्हणून ती हकीकत येथें जरा विस्तारानें सांगत आहों.

कोणताहि सांसर्गिक रोग अंगांत शिरतांच प्रकट होत नाहीं. बीं पेरल्यावर अंकुर वर येईपर्यंत जसे कांहीं दिवस जातात, तसाच विषाणु शरीरांत शिरल्यापासून ताप येईपर्यंत कांहीं काळ जातो. यास सुप्तकाल म्हणतात. पीतज्वराचा सुप्तकाल तीन ते सहा दिवसांचा असतो. म्हणून सहा दिवस वेगळें राहावयाचें. तितक्या दिवसांत रोग दिसला नाहीं, तर तो अंगांत नाहीं असें समजण्यास हरकत नसते. लस टोंचल्यानंतर शरीरांत पुरेशी प्रतिकारशक्ति तयार होण्यास सुमारें दहा दिवस लागतात, म्हणून दहा. तात्पर्य, हे आंकडे कोणा अधिकाऱ्यानें लहरीनें ठरविलेले नाहींत. एक रोगाच्या घड्याळावरून घेतलेला आहे व दुसरा आपल्या शरीराच्या.

पूर्वीं हें घड्याळ कोणास वाचतां येत नव्हतें. एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं रागुसा नांवाचें एक व्यापारी नगरराज्य होतें. त्यासच आज दुब्रोव्हनिक म्हणतात. १३७७ सालीं तेथें असा निर्बंध झाला कीं, प्लेगच्या प्रदेशांतून येणाऱ्यांनीं नगरांत पाऊल टाकण्यापूर्वीं तीस दिवस बाहेर राहावें. पुढें इटलींतील बंदरांत तिसांचे चाळीस झाले, आणि 'चाळीस' या अर्थाच्या इटालियन शब्दावरून 'क्वारंटाईन' हा शब्द जगभर गेला. चाळीसच कां, याचें शास्त्रीय कारण त्या लोकांपाशीं नव्हतें. परंतु रागुसाची एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. व्यापार हाच त्या नगराचा प्राण असल्यामुळें बंदर कायमचें बंद करणें त्यास परवडणारें नव्हतें. तेव्हां दार सताड उघडें ठेवावयाचें नाहीं व कायमचें लावावयाचेंहि नाहीं, तर येणाऱ्यास उंबऱ्यावर कांहीं दिवस थांबवावयाचें, ही युक्ति त्यांनीं काढली. साडेसहाशें वर्षांनंतरहि जगास याहून फार वेगळी युक्ति सुचलेली नाहीं.

या कथेंत आपली मुंबई एकदां उंबऱ्याबाहेर उभी राहिलेली आहे. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले, आणि कांहीं महिन्यांतच मुंबईहून येणारें जहाज म्हटलें कीं परक्या बंदरांस धडकी भरूं लागली. १८९७ सालीं व्हेनिस येथें अनेक राष्ट्रांच्या प्रतिनिधींची आरोग्यपरिषद भरली, ती मुंबईच्या प्लेगमुळेंच. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत हिंदुस्थानांत साथीच्या रोगांचा कायदा झाला. तो कायदा इतका दीर्घायुषी कीं, मार्च २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें कोव्हिडसाठीं त्याचाच आधार घेतला. ज्या शहराची जगानें एके काळीं धास्ती घेतली, त्याच शहराच्या विमानतळावर आतां जगाहून येणाऱ्यांचीं कपाळें तापमापकानें तपासलीं जाऊं लागलीं.

दार बंद करून सर्वांस जागच्या जागीं कोंडून ठेवणें हाच निर्धोक मार्ग, असें २०२० च्या आरंभीं पुष्कळांस वाटे. त्याची कटु परीक्षा जपानच्या योकोहामा बंदरांत झाली. 'डायमंड प्रिन्सेस' हें सहलीचें जहाज ३ फेब्रुवारी २०२० रोजीं तेथें आलें. २५ जानेवारीस हाँगकाँग येथें उतरून गेलेल्या एका प्रवाशास कोव्हिड झाल्याचें मध्यंतरीं उघडकीस आलें होतें. म्हणून ५ फेब्रुवारीपासून जहाज रोखून धरण्यांत आलें व प्रवाशांस चौदा दिवस आपापल्या खोल्यांत राहण्याची आज्ञा झाली. जहाजावर एकंदर ३,७११ माणसें होतीं. त्यांपैकीं शेवटीं ७१२ जणांस बाधा झाली.

असें कां व्हावें? पुष्कळांस तर जहाज अडविण्यापूर्वींच बाधा झालेली होती. पण आणखीहि एक कारण होतें. प्रवासी खोल्यांत बसले, तरी त्यांस जेवण कोण देणार? तें काम जहाजावरील नोकरवर्ग करीत होता, आणि हा वर्ग दाटीवाटीनें एकत्र राही, एकत्र जेवी व तेथून प्रत्येकाच्या दारापर्यंत जाई. त्यांच्यांत रोग अडविल्यानंतरहि पसरत राहिला. या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांपैकीं प्रवासी अवघे सहा, बाकीचे १३२ चाकरीवर. सहलीच्या रंगीत पत्रकांत समुद्र छापतात, जेवणाचीं ताटें छापतात. तीं ताटें उचलणारे हात छापीत नाहींत. २७ फेब्रुवारीस एअर इंडियाच्या विमानानें ११९ भारतीय दिल्लीस आणले गेले, व तेथेंहि त्यांस पुन्हां चौदा दिवस वेगळें राहावें लागलें.

आतां दार उघडण्याची गोष्ट पाहूं. त्यासाठीं उत्तर अटलांटिक महासागरांतील आइसलँड हा देश आम्हीं मुद्दाम निवडला आहे. कारण लहान घड्याळाचें झांकण काढलें म्हणजे चाकें चटकन् दिसतात. या बेटाची लोकसंख्या त्या वेळीं सुमारें साडेतीन लाख, म्हणजे आपल्याकडील एका मध्यम शहराएवढी. आणि परदेशाहून येणारे बहुतेक सर्व लोक केफ्लाविक या एकाच विमानतळावर उतरतात. ज्वालामुखी, हिमनद्या व उष्ण पाण्याचे झरे पाहण्यासाठीं २०१९ सालीं तेथें सुमारें वीस लाख परदेशी पाहुणे आले होते. दरडोई पांचांहून अधिक पाहुणे! २०२० सालीं ही संख्या पांच लाखांच्याहि खालीं आली. यावरून त्या देशाच्या पोटास बसलेला चिमटा लक्षांत येईल.

गंमत अशी कीं, तेथें रोग नेला तो बव्हंशीं सुटीवरून परतणाऱ्या त्यांच्याच लोकांनीं. ऑस्ट्रियांतील इशग्ल या गांवीं बर्फावर घसरण्याचा खेळ खेळावयास गेलेले लोक घरीं परतले ते बाधा घेऊन. ५ मार्च २०२० रोजीं आइसलँडनें इशग्ल हें धोक्याचें ठिकाण म्हणून जाहीर केलें. पुढें विषाणूच्या आनुवंशिक खुणा ताडून पाहिल्या, तेव्हां तो एका वाटेनें नव्हे, तर निरनिराळ्या देशांतून निरनिराळ्या वेळीं आल्याचें दिसलें.

१५ जून २०२० रोजीं आइसलँडनें दार किलकिलें केलें. येणाऱ्यानें एकतर चौदा दिवस वेगळें राहावें, किंवा विमानतळावर तपासणी करून घ्यावी. तपासणींत कांहीं निघालें नाहीं तर खुशाल हिंडावें. नियम सुटसुटीत होता व लोकांस आवडण्यासारखा होता. परंतु त्यांतील उणीव दोन आठवड्यांतच उघडी पडली. अमेरिकेहून मायदेशीं परतलेल्या एका फुटबॉलपटु युवतीची विमानतळावरील तपासणी निर्दोष निघाली. ती आपल्या संघांत मिसळली, सामने खेळली. आणि नंतर तिला बाधा असल्याचें आढळलें. तिच्या संपर्कांत आलेल्या शेंकडों लोकांस घरीं बसावें लागलें व कित्येक सामने पुढें ढकलले गेले. त्या युवतीनें कोणताच नियम मोडला नव्हता. चूक नियमाची होती.

ती चूक कोणती, हें समजण्यासाठीं थोडें गणित पाहा. अमेरिकेंतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० सालीं अनेक देशांतील तपासण्या एकत्र करून असा अंदाज काढला कीं, बाधा झाल्याच्या पहिल्या दिवशीं तपासणी केली तर ती बाधा हटकून निसटते; चौथ्या दिवशीं शंभरांतील सुमारें ६७ बाधित निसटतात; सरासरी पांचव्या दिवशीं लक्षणें दिसूं लागतात तेव्हां ३८; आणि आठव्या दिवशीं सुमारें २०. तेव्हां जो मनुष्य काल सायंकाळीं एखाद्या मेजवानींत बाधित झाला व आज विमानांतून उतरला, त्याच्या नाकांतील नमुना कितीहि काळजीपूर्वक घेतला तरी त्यांत कांहीं सांपडावयाचें नाहीं. बीं जमिनींत आहे. अंकुर वर नाहीं.

आइसलँडनें हें ओळखलें. जुलैंत तेथील रहिवाशांसाठीं, व १९ ऑगस्ट २०२० पासून येणाऱ्या सर्वांसाठीं, दोन तपासण्यांचा नियम झाला: एक विमानतळावर, दुसरी पांच-सहा दिवसांनीं, आणि मधल्या दिवसांत कोणांतहि मिसळावयाचें नाहीं. पहिल्या चाळणींतून निसटलेले कित्येक लोक दुसऱ्या चाळणींत सांपडले. ज्यास सारी तपासणीच नको असेल त्यास चौदा दिवसांचा पर्याय होताच. एक आठवड्याच्या सुटीसाठीं येणाऱ्या पाहुण्यास हा नियम अर्थातच जाचक होता, आणि शरदऋतूंत पाहुणे फारसे आलेहि नाहींत. तेथील हॉटेलवाल्यांचें नुकसान झालें, हें लपविण्याचें कारण नाहीं. सुरक्षितता फुकट मिळत नसते. तिची किंमत कोणी व किती द्यावी यावरच सारा वाद असतो. हा वाद न्यायालयापर्यंतहि गेला. एप्रिल २०२१ च्या आरंभीं कांहीं देशांतून येणाऱ्यांस ठराविक हॉटेलांतच राहण्याची सक्ति झाली, तेव्हां ज्यांस स्वतःच्या घरीं वेगळें राहण्याची सोय आहे त्यांस हॉटेलांत डांबण्यास कायद्याचा आधार नाहीं, असा निर्णय रेक्याविकच्या न्यायालयानें दिला. साथींतहि न्यायालयें उघडीं असावीं, हें आम्हांस त्या देशाचें भूषण वाटतें.

पांच दिवस थांबण्याचा हा नियम कागदावर वाचतांना कोरडा वाटतो. तो आमच्याच घरीं आला तेव्हां काय झालें, तें सांगतों.

जानेवारी २०२२ मध्यें आमचा पुतण्या जर्मनीहून दोन वर्षांनीं घरीं आला. त्या महिन्याच्या ११ तारखेपासून भारत सरकारचा असा नियम होता कीं, परदेशाहून येणाऱ्या प्रत्येकानें सात दिवस घरांत वेगळें राहावें व आठव्या दिवशीं तपासणी करावी. युरोपांतून येणाऱ्यांची विमानतळावरहि तपासणी होई. ती त्याची झाली व निर्दोष निघाली. आमच्या मातोश्री तेव्हां चौऱ्यायशीं वर्षांच्या. नातू येणार म्हणून त्यांनीं आठ दिवस आधींपासून लाडू वळून ठेवले होते. आम्हीं त्यास जिन्यानें परस्पर माडीवर धाडलें, हें त्यांस मुळींच रुचलें नाहीं.

"अरे, कागदावर रोग नाहीं असं लिहिलंय ना? मग लेकराला वर कोंडून कशाला घातलंस?" त्यांनीं आम्हांस विचारलें.

"आई, सातच दिवस," आम्ही म्हणालों.

"माझ्या वयाला सात दिवस म्हणजे काय, तें तुला नाहीं कळायचं."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. शेजारीहि येतां-जातां बोलूं लागले कीं मास्तरांनीं नियमाचें फारच स्तोम माजविलें आहे. मातोश्री रोज सायंकाळीं अंगणांत खुर्ची टाकून बसत आणि तो माडीच्या खिडकींत बसे. असें त्यांचें बोलणें चाले. ताट जिन्याच्या चौथ्या पायरीवर ठेवून आम्ही खालीं येत असूं. तिसरा दिवस असाच गेला. चौथ्या दिवशीं पहाटे त्यास ताप भरला, आणि तपासणींत बाधा निघाली.

तो तरुण होता व त्याचें लसीकरण झालेलें होतें. आठवड्यांत बरा झाला. मातोश्रींस कांहीं झालें नाहीं. विमानतळावरचा कागद खोटा नव्हता, हें मुलांनीं नीट समजून घ्यावें. तो त्या घटकेपुरता खरा होता. पुढें पुतण्यानें आम्हांस सांगितलें कीं, गाडींतून उतरतांना त्याचा विचार 'कागद चांगला आहे, एकदां आजीच्या पायां पडून मग वर जाऊं' असा होता. जिन्याशीं आम्ही उभे होतों म्हणून तो तसाच वर गेला.

आतांपर्यंत आपण पाहुण्याच्या अंगाचा विचार केला. यजमानाचा विचार करून दार उघडल्याचें उदाहरण थायलंडांतील फुकेत बेटाचें आहे. हें बेट जवळजवळ सर्वस्वी पाहुण्यांवर जगणारें. तेथील योजनाकर्त्यांनीं ठरविलें कीं, परक्यांस बोलावण्यापूर्वीं बेटावरील सुमारें ७० टक्के लोकांचें लसीकरण करावयाचें. देशाच्या इतर भागांत लस दुर्मिळ असतांना फुकेतला ती आधीं मिळाली. मग १ जुलै २०२१ पासून लस घेतलेल्या परदेशी पाहुण्यांस तेथें येण्याची मुभा मिळाली. त्यांनीं खोलींत बसून राहावयाचें नव्हतें. बेटावर मोकळेपणें हिंडावें, समुद्रांत पोहावें. मात्र ठरलेल्या हॉटेलांतच उतरावें, तीन वेळां तपासणी करून घ्यावी, आणि चौदा रात्री होईपर्यंत बेट सोडून देशांत अन्यत्र जाऊं नये. म्हणजे चौदा दिवसांची खोली काढून त्या जागीं चौदा दिवसांचें बेट दिलें. ऑक्टोबरमध्यें चौदांचे सात झाले.

ही योजना आम्हांस बुद्धिमान वाटते. तथापि तिचा एक विचित्र परिणाम झाला. ऑगस्ट २०२१ मध्यें थायलंडच्या इतर भागांत साथ बळावली, तेव्हां फुकेतनें देशांतर्गत प्रवाशांस आपलें दार लावलें व परदेशी पाहुण्यांस मात्र तें उघडें राहिलें. लंडनचा मनुष्य येऊं शके, बँकॉकचा येऊं शकत नसे! चाळणींतून कोण गाळून आला आहे व कोण नाहीं, एवढाच हिशेब धरला तर हें सुसंगत होतें. परंतु त्या बँकॉकच्या माणसास तें कसें वाटलें असेल, याची कल्पना आपण करूं शकतों.

लसीच्या दाखल्यांची कथा याच सुमारास सुरू झाली. युरोपीय संघाचा एकसारखा दाखला १ जुलै २०२१ पासून लागू झाला. मोबाईलवरील एक चौकोनी खूण दाखविली कीं सत्तावीस देशांत तो ओळखला जाई. आपल्याकडील लोकांचा अनुभव इतका सुखाचा नव्हता. ऑक्सफर्ड येथें शोधलेली व पुण्यांत बनलेली कोव्हिशील्ड लस घेतलेल्या भारतीयांस इंग्लंडनें सप्टेंबर २०२१ मध्यें लस न घेतलेल्यांत गणलें. भारतानेंहि मग इंग्लंडहून येणाऱ्यांस दहा दिवस वेगळें राहण्याचा नियम केला, व ११ ऑक्टोबरपासून इंग्लंडनें आपली अट काढली. या सर्व रस्सीखेंचींत विषाणूचा संबंध फारसा नव्हता.

दाखल्याच्या बळावर आइसलँडनें १ जुलै २०२१ पासून लस घेतलेल्यांची सीमेवरील तपासणी थांबविली होती. पण 'डेल्टा' या नव्या रूपांतरानें महिन्याच्या आंत तेथें बाधितांचा पूर आला, आणि जुलैच्या अखेरीस लस घेतलेल्यांसहि निघण्यापूर्वीं तपासणी करणें पुन्हां भाग पडलें. लसीनें घोर दुखणें व मृत्यु पुष्कळ अंशीं टळले, हें निश्चित. परंतु लस घेतलेला मनुष्य दुसऱ्यास रोग देतच नाहीं, ही समजूत चुकीची ठरली. दार पुरतें उघडण्यास २५ फेब्रुवारी २०२२ उजाडावा लागला. त्या दिवशीं आइसलँडनें सीमेवरील व देशांतील सर्व निर्बंध काढले.

भारताचें दारहि दोनदां अडखळलें. नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानें २०२० च्या मार्चअखेर थांबलीं होतीं. मधल्या काळांत कांहीं देशांशीं झालेल्या विशेष करारांवर थोडीं विमानें चालत. १५ डिसेंबर २०२१ पासून नियमित वाहतूक सुरू करण्याचें जाहीर झालें. त्याच सुमारास, २४ नोव्हेंबरला, दक्षिण आफ्रिकेनें एका नव्या रूपांतराची खबर जागतिक आरोग्य संघटनेस दिली. त्याचें नांव 'ओमिक्रॉन'. खबर देणाऱ्या त्या देशास शाबासकी मिळावयास हवी होती. मिळालें तें काय, तर कांहीं दिवसांत अनेक देशांनीं त्याचीं विमानें बंद केलीं. विषाणु त्यापूर्वींच अन्यत्र पोंचलेला होता. भारतानें आपला बेत पुढें ढकलला, व नियमित विमानें सुरू झालीं तीं २७ मार्च २०२२ रोजीं.

खरें सांगण्याचा प्रश्न देशांपुरता नाहीं. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत घरीं वेगळें राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर, मतदानाच्या वेळीं लावतात तसल्या न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारण्यास आरंभ झाला. तरीहि दोनच दिवसांनीं जर्मनीहून आलेले व हातावर शिक्का असलेले चार प्रवासी आगगाडींत आढळले, आणि त्यांस पालघर स्थानकावर उतरविण्यांत आलें. त्यांस घरीं जाण्याची घाई होती. दुष्ट हेतु कांहीं नसावा. डब्यांतील इतर लोकांनीं शिक्का पाहिला म्हणून तें कळलें. शाई हातावर दिसते. सकाळीं घेतलेली तापाची गोळी दिसत नाहीं.

५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोव्हिडची जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. विषाणु गेलेला नाहीं. दारावरचे पहारेकरी गेले आहेत. पूर्वीं जें काम आरोग्याधिकारी करीत, तें आतां आपलें आपण करावयाचें आहे. म्हणून पालकांसाठीं दोन शब्द लिहितों.

सहलीचा बेत करतांना बहुतेक कुटुंबें एकेक दिवस वसूल होईल अशी आखणी करतात: रविवारीं रात्रीं परत, सोमवारीं सकाळीं कचेरी व शाळा. अशा आखणींत कोणास ताप आला तर तो लपविण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. जातांना व येतांना दोन-तीन दिवस मोकळे ठेवले, रद्द केल्यास पैसे परत मिळतील असें तिकीट थोडें अधिक पैसे देऊन काढलें, आणि परक्या देशांतील औषधोपचाराचा विमा उतरविला, तर खरें बोलणें पुष्कळ स्वस्त होतें. आमच्या मतें साथीच्या काळांत प्रवासाच्या खर्चांतील ही पहिली बाब आहे. बाकीची खरेदी नंतर. परत आल्यावर आजी-आजोबांस भेटण्यापूर्वीं चार-पांच दिवस जाऊं द्यावे, विशेषतः ज्या देशांतून आलों तेथें साथीची वार्ता असेल तर. गर्दीच्या विमानांत व विमानतळाच्या रांगेंत नाकातोंडावर नीट बसणारी मुखपट्टी बांधावी. तींत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. ज्या देशीं जावयाचें तेथील लसीचे नियम तिकीट काढण्यापूर्वीं पाहावे, नंतर नव्हे.

आतां त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत येतों. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तिला फळ्यापाशीं बोलावलें व तिच्या प्रवासाच्या तारखा मांडावयास सांगितल्या. विमान ४ मे रोजीं. लस टोंचण्याचा दिवस वडिलांनीं ठरविला होता २७ एप्रिल. परत १३ मेला. तिनें दहा दिवस बोटांवर मोजले व ७ मे ही तारीख लिहिली. ती थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिली.

मागील बांकावरील एक मुलगा म्हणाला, "पण सर, परत येईपर्यंत दाखला चालू झालेला असेल. विमानतळावर कोणी अडवणार नाहीं."

त्याचें म्हणणें बरोबर होतें. आम्हीं तें मान्य केलें, आणि खडू त्या मुलीच्या हातांत तसाच राहूं दिला. तिनें ४ मे आणि ७ मे यांच्या मध्यें एक रेघ ओढली व म्हणाली, "पण डास तर चार तारखेपासूनच चावतील."

सायंकाळीं तिच्या वडिलांचा आम्हांस दूरध्वनि आला. पीतज्वराची लस कांहीं ठराविक सरकारी केंद्रांतच व ठराविक वारींच मिळते, त्यामुळें तारीख बदलून मिळण्यास त्यांस थोडी खटपट पडली. शेवटीं १८ एप्रिलला चौघांसहि लस टोंचून झाली. त्या दिवशीं ती शाळेंत आली नव्हती.